प्रतिस्पर्ध्याचं देणं



ज्या क्रीडाशिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे बरेच विद्यार्थी मला समोर दिसत आहेत. काहींना नातवंडं झाली आहेत, काही अजूनही रविवारी मैदानावर पंच म्हणून उभे राहतात. खेळाडूवृत्तीवर बोलायला यापेक्षा जाणकार सभा मिळणार नाही, आणि यापेक्षा कडक परीक्षकही मिळणार नाहीत. संयोजकांनी विषय माझ्यावर सोडला होता. मी रग्बी म्हटल्यावर त्यांनी जरा थांबून विचारलं, ‘रग्बी? आपल्याकडे?’

प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचंच उत्तर देतो. इंग्लंड आणि स्कॉटलंड रग्बीत ज्या चषकासाठी दरवर्षी झुंजतात, त्याचं नाव कलकत्ता कप. १८७२ च्या नाताळात कलकत्त्यातल्या इंग्रजांनी रग्बीचा सामना भरवला, पुढच्या वर्षी क्लब काढला, आणि पाचेक वर्षांत तो मोडायची वेळ आली. तेव्हा सभासदांनी बँकेतले शिल्लक चांदीचे रुपये काढले, २७० रुपये, ते वितळवून त्यांचा चषक घडवला आणि इंग्लंडच्या रग्बी संघटनेला देऊन टाकला. त्याच्या कड्या नागाच्या आहेत, झाकणावर हत्ती उभा आहे. १८७९ पासून हे दोन देश त्यासाठी खेळताहेत. आपल्या मुंबईतही आझाद मैदानाच्या कडेला, बॉम्बे जिमखान्यावर, भर पावसाळ्यात चिखल तुडवत रग्बी खेळला जातो. अभिनेते राहुल बोस त्याच जिमखान्याकडून खेळले आणि भारतीय संघातही होते. तेव्हा हा खेळ आपल्याला अगदीच परका नाही.

पण मला बोलायचं आहे २०२३ च्या रग्बी विश्वचषकाबद्दल, आणि त्या निमित्ताने एका जुन्या भांडणाबद्दल. भांडण असं, की सभ्य खेळ कोणता? रग्बीवाले म्हणतात, आमचा. क्रिकेटवाले तर शतकभर हेच म्हणत आले. फुटबॉलकडे बघून दोघंही नाक मुरडतात. इंग्रजांत एक जुनं बोलणं आहे: फुटबॉल हा सभ्यांचा खेळ, पण तो गुंड खेळतात, रग्बी हा गुंडांचा खेळ, पण तो सभ्य माणसं खेळतात. ऐकायला चटकदार आहे. पण खरं आहे का?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचा तासभर तुम्हाला ते तपासता येईल. कोणताही खेळ जन्मतः सभ्य नसतो. कोणतं खोटं माफ करायचं आणि कोणतं नाही, हे प्रत्येक खेळ ठरवून ठेवतो. आणि जे माफ केलं ते पुढे त्याला दिसेनासं होतं. खेळाडूवृत्तीची परीक्षा निराळी आहे. समोरच्या प्रतिस्पर्ध्याचं आपण काही देणं लागतो, त्याच्या देहाचं, त्याच्या संधीचं, त्याच्या मानाचं. ते देणं आपण फेडतो का, ही ती परीक्षा.

आता पॅरिसला जाऊ. २८ ऑक्टोबर २०२३, स्ताद द फ्रान्स, अंतिम सामना. दक्षिण आफ्रिका विरुद्ध न्यूझीलंड. आपल्याकडे मध्यरात्र उलटून साडेबारा वाजले होते. इथे क्रिकेटचा विश्वचषक ऐन भरात होता आणि उजाडल्यावर लखनौला भारत-इंग्लंड सामना होता, त्यामुळे बहुतेक घरांत दिवे मालवलेले होते. ज्यांनी रग्बी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. प्रत्येक बाजूला पंधरा खेळाडू. चेंडू हाताने फक्त मागे किंवा बाजूला द्यायचा, पुढे नाही. पळत जाऊन प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे तो टेकवला की ट्राय, पाच गुण. पेनल्टीची लाथ खांबांमधून गेली तर तीन. आणि अडवायचं कसं? कबड्डीत चढाई करणाऱ्याची पकड करतात ना, तशीच पकड, फक्त इथे शंभर-सव्वाशे किलोंची माणसं पूर्ण वेगाने एकमेकांवर येतात. अंगावर ना जाड पॅड, ना कडक हेल्मेट.

त्या रात्री पाऊस भुरभुरत होता. सत्ताविसाव्या मिनिटाच्या सुमारास न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन याने जेसी क्रीलला पकडलं. खांदा क्रीलच्या डोक्याला लागला. रेफरी वेन बार्न्स यांनी पिवळं कार्ड दाखवलं, म्हणजे दहा मिनिटं बाहेर. त्या स्पर्धेत एक नवी सोय होती: पिवळं कार्ड मिळालेला खेळाडू बाहेर बसलेला असताना दुसरा अधिकारी आठ मिनिटांत चित्रण तपासून ते लाल करायचं का ते ठरवतो. केन खुर्चीवर बसला होता. निर्णय आला, लाल. पुरुषांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात लाल कार्ड मिळालेला तो पहिला खेळाडू, आणि तोही कर्णधार. सगळं जग त्याचा चेहरा बघत होतं. तो उठला नाही, ओरडला नाही, खुर्चीला लाथ मारली नाही. न्यूझीलंडचे चौदा खेळाडू पुढची पन्नासेक मिनिटं असे खेळले की शेवटच्या शिट्टीपर्यंत निकाल लोंबकळत राहिला. दक्षिण आफ्रिका १२, न्यूझीलंड ११. आफ्रिकेचे बाराही गुण हँड्रे पोलार्डच्या चार पेनल्टींचे. त्याआधी उपान्त्यपूर्व सामना फ्रान्सविरुद्ध २९-२८, उपान्त्य इंग्लंडविरुद्ध १६-१५. तीन सामने, प्रत्येकी एका गुणाने!

सामन्यानंतर केनने दोष स्वतःकडे घेतला. हे आपल्याला जन्मभर सोबत राहील अशा अर्थाचं तो बोलला. आता मी विचारतो, फुटबॉलच्या अंतिम सामन्यात कर्णधाराला असं बाहेर काढलं असतं तर रेफरीभोवती किती जणांचं कडं पडलं असतं?

रग्बीवाल्यांचा अभिमान इथून सुरू होतो, आणि तो काही अंशी रास्त आहे. रग्बीत रेफरीशी फक्त कर्णधार बोलतो. इंग्रजी बोलणारे खेळाडू रेफरीला ‘सर’ म्हणतात. रेफरीच्या अंगावर माइक असतो, त्याचा शब्द न् शब्द घरी बसलेल्या प्रेक्षकाला ऐकू येतो. उलट बोललात तर पेनल्टी दहा मीटर पुढे सरकते. म्हणजे तोंड सोडण्याची किंमत लगेच, तिथल्या तिथे, आणि सगळ्या संघाला मोजावी लागते. नायजेल ओवेन्स नावाचे वेल्सचे रेफरी होते. २०१५ च्या विश्वचषकात न्यूकासलच्या फुटबॉल मैदानावर स्कॉटलंडचा एक खेळाडू जरा जास्तच कोलमडून पडला. ओवेन्सनी त्याला सुनावलं, की असं पडायचं असेल तर दोन आठवड्यांनी या मैदानावर परत ये. तेव्हा तिथे फुटबॉल असणार होता.

पण हा सभ्यपणा रग्बीच्या रक्तातला आहे, की नियमातला? २०२४ च्या युरो स्पर्धेत, जर्मनीत, फुटबॉलच्या संघटनेने रग्बीचाच नियम उचलला. रेफरीकडे फक्त कर्णधार जाईल, बाकीचे गेले तर पिवळं कार्ड. त्याच खेळातली, त्याच क्लबांची, तीच माणसं. आणि रेफरीभोवतीची झुंबड बरीच ओसरली. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या गुंड म्हटलं त्यांना एका नियमाने शिस्त येते, तर तो गुंडपणा रक्तातला कसा म्हणायचा?

आणि रग्बीची सभ्य माणसं? त्यांचाही हिशेब मांडू.

मे २००२, कार्डिफ, युरोपियन क्लबांचा अंतिम सामना. लेस्टर पुढे आहे, मन्स्टर शेवटची मिनिटं रेषेजवळ धडका देतंय. मन्स्टरच्या पीटर स्ट्रिंगरच्या हातात चेंडू, तो स्क्रममध्ये, म्हणजे एकमेकांना रेटणाऱ्या खेळाडूंच्या घोळक्यात, टाकणार, एवढ्यात लेस्टरच्या नील बॅकने हात घालून तो उडवला आणि आपल्या बाजूला घेतला. उघड उघड नियमभंग. रेफरी दुसऱ्या बाजूला होता. लेस्टर १५-९ ने जिंकलं. मॅराडोनाने १९८६ मध्ये हाताने केलेला गोल फुटबॉलचा कलंक म्हणून आपण सांगतो. बॅकचा हात किती जणांना ठाऊक आहे?

त्याहून वाईट २००९ साली घडलं. इंग्लंडचा हार्लेक्विन्स क्लब आयर्लंडच्या लेन्स्टरशी खेळत होता. एका गुणाने मागे होते. त्यांचा लाथ मारणारा कुशल खेळाडू आधीच बदलून बाहेर गेलेला. रग्बीत असा बदललेला खेळाडू परत यायचा तर एक वाट असते: आतल्या कुणाला तरी रक्त आलं पाहिजे. मग टॉम विल्यम्स नावाच्या खेळाडूने खोट्या रक्ताची कुपी तोंडात फोडली. ओठांतून लाल ओघळ, आणि तो बाहेर. समोरच्यांना संशय आला. आणि मग खोटं झाकायला ड्रेसिंगरूममध्ये त्याच्या ओठावर खरी जखम करण्यात आली, त्याच्या सांगण्यावरून, क्लबच्या डॉक्टरच्या हातून. प्रशिक्षक डीन रिचर्ड्सवर तीन वर्षांची बंदी आली. हेच ते रिचर्ड्स, ज्यांनी १९८८ मध्ये एका स्कॉटिश खेळाडूसोबत एडिंबराच्या रस्त्यावर तो कलकत्ता कप लाथाडून चेपवला होता. आपल्या २७० रुपयांची ती दशा! असो. हार्लेक्विन्सच्या त्या सामन्यात पंचांशी कुणी उद्धट बोललं नाही. सगळे ‘सर’च म्हणत होते.

शिष्टाचार आणि न्याय यांत हा एवढा फरक आहे. रग्बीला रेफरीचा अपमान खपत नाही. पण खाली पडलेल्या माणसांच्या ढिगात हात घालून चेंडू अडवणं ही तिथे कला मानली जाते, जोवर शिट्टी वाजत नाही तोवर. फुटबॉलमध्ये मारामारी खपत नाही, लोळण खपते. आणि आपलं क्रिकेट? क्रिकेटमध्ये फलंदाज बाद नाही हे स्वतःला पक्कं ठाऊक असताना अकरा जण गळा फोडून अपील करतात, आणि आपण त्याला दबाव टाकणं म्हणून वाखाणतो. गोल्फमध्ये याच्या उलट रीत: पंच जवळ नसला तरी आपला दंड आपण सांगायचा. १९२५ च्या अमेरिकन ओपनमध्ये बॉबी जोन्सने आपला चेंडू किंचित हलल्याचं स्वतः सांगून एक फटका दंड घेतला, आणि शेवटी प्लेऑफमध्ये एका फटक्याने हरला. गोल्फर माणूस म्हणून श्रेष्ठ असतो असं नाही. त्या खेळाने ते खोटं माफ केलेलं नाही, इतकंच.

आता मला एका माणसाची गोष्ट सांगायची आहे. सगळ्या वादात मला ती सर्वांत मोलाची वाटते, म्हणून जरा सावकाश सांगतो.

ब्रायन मॅककेखनी. न्यूझीलंडचा. रग्बीही खेळला, क्रिकेटही खेळला, दोन्ही देशाकडून. ११ नोव्हेंबर १९७८, कार्डिफ आर्म्स पार्क. वेल्स १२, न्यूझीलंड १०, सामना संपत आलेला. लाइनआउट झाला, म्हणजे कडेने आत फेकलेला चेंडू दोन रांगांनी उड्या मारून घ्यायचा. त्यात न्यूझीलंडचा अँडी हेडन कुणीतरी ढकलल्यासारखा रांगेबाहेर झेपावला. त्याला कुणी ढकललं नव्हतं. हे आधी ठरलेलं होतं, आणि हेडनने पुढे ते कबूलही केलं. शिट्टी वाजली, पेनल्टी. रेफरी म्हणाले की आपण पेनल्टी दिली ती दुसऱ्याच एका धक्क्यासाठी, हेडनसाठी नव्हे. वेल्सच्या लोकांना ते अजून पटत नाही. लाथ मारायला उभा राहिला मॅककेखनी. चेंडू खांबांमधून गेला. न्यूझीलंड १३-१२.

अडीच वर्षंही झाली नाहीत. १ फेब्रुवारी १९८१, मेलबर्न. हाच मॅककेखनी आता क्रिकेटच्या पोशाखात आहे. समोर ऑस्ट्रेलिया. शेवटचा एक चेंडू बाकी, बरोबरीसाठी सहा धावा हव्यात. म्हणजे षटकारच. त्या अवाढव्य मैदानावर दहाव्या क्रमांकाचा फलंदाज षटकार मारण्याची शक्यता किती? जवळजवळ नाहीच. पण कर्णधार ग्रेग चॅपेलला तेवढीही जोखीम नको होती. त्याने धाकट्या भावाला, ट्रेव्हरला, चेंडू सरपटत टाकायला सांगितलं. आपली पोरं आळीत गोट्या सोडतात तसा तो चेंडू गवतावरून घरंगळत आला. नियमात ते बसत होतं. मॅककेखनीने तो अडवला आणि बॅट भिरकावून दिली.

एका सामन्यात ज्याला फसवणुकीचा लाभ झाला, दुसऱ्यात तोच लुबाडला गेला. दोन्ही वेळा तो स्वतः निर्दोष होता. मग सांगा, कोणता खेळ सभ्य? १९७८ च्या त्या विजयानंतर न्यूझीलंडमध्ये जे जल्लोष करत होते, तेच १९८१ मध्ये संतापाने पेटले. न्यूझीलंडचे पंतप्रधान रॉबर्ट मल्डून यांनी त्या चेंडूला भेकडपणा म्हटलं आणि ऑस्ट्रेलियाच्या पिवळ्या पोशाखाला त्याच्याशी जोडलं, कारण इंग्रजीत पिवळा रंग भेकडपणाची खूण मानतात. सगळा देश त्यांच्या मागे उभा राहिला. चूक काहीच नव्हती. तो चेंडू भेकडपणाचाच होता.

पण श्रोतेहो, हे झालं फेब्रुवारीत. त्याच वर्षी जुलैत दक्षिण आफ्रिकेचा रग्बी संघ न्यूझीलंडच्या दौऱ्यावर आला. वर्णद्वेषाचं राज्य असलेला देश, जिथे काळ्या खेळाडूला गोऱ्यांच्या संघात जवळजवळ जागाच नव्हती. दौरा थांबवा म्हणून न्यूझीलंडची माणसं रस्त्यावर उतरली. २५ जुलैला हॅमिल्टनमध्ये आंदोलक कुंपण तोडून मैदानात शिरले, सामना रद्द झाला. १२ सप्टेंबरला ऑकलंडच्या कसोटीत एक छोटं विमान मैदानावर घिरट्या घालत पिठाच्या पुड्या टाकत होतं, त्यातली एक लागून न्यूझीलंडचाच खेळाडू खाली पडला. आणि मल्डून सरकारने हा दौरा होऊ दिला. ज्या पंतप्रधानांना एका घरंगळत्या चेंडूत भेकडपणा दिसला, त्यांना या दौऱ्यात खेळाडूवृत्तीचा प्रश्न दिसला नाही.

मला या प्रसंगात आपण सगळे दिसतो. चेंडूपुरती, बाउंड्रीपुरती, ऐंशी मिनिटांपुरती खेळाडूवृत्ती आपल्याला चटकन कळते. पण समोर कोणाला उभं राहू दिलं आणि कोणाला उभंच राहू दिलं नाही, हा प्रश्न आला की आपण म्हणतो, खेळात राजकारण आणू नका. १९७४ साली भारत डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत होता. समोर दक्षिण आफ्रिका. आपण खेळलो नाही. चषक न खेळता त्यांना गेला. आपल्या टेनिसच्या इतिहासातली ती फार मोठी संधी होती, आणि ती सोडली हे योग्य केलं, असं मी आज या व्यासपीठावरून ठामपणे म्हणतो.

आणि घरचं? बाळू पालवणकर. पुण्यातल्या गोऱ्यांच्या क्लबवर खेळपट्टी राखणारा, नेट लावणारा, तासन्‌तास गोऱ्यांना गोलंदाजी टाकणारा चर्मकार समाजातला तरुण. हिंदूंच्या संघाला तो हवा होता, कारण त्याच्याशिवाय जिंकता येत नव्हतं. मैदानात तो टाकेल तोच चेंडू सगळे झेलत होते. चहाची वेळ झाली की त्याचा चहा बाहेर, वेगळा, मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेणाऱ्या या गोलंदाजाला हिंदूंच्या संघाचं अधिकृत कर्णधारपद कधीच मिळालं नाही. अखेर १९२३ मध्ये ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळालं, आणि संघ जिंकला. त्या काळचे आपले क्रिकेटपटू मैदानावर सभ्य होते, याबद्दल मला शंका नाही. पंचांशी ते हुज्जत घालत नसत. पण सहकाऱ्याला पॅव्हेलियनबाहेर चहा देणाऱ्या माणसाची मैदानावरची सभ्यता मी किती मोजायची?

रग्बीतही सभ्यतेच्या नावाखाली हेच झालं आहे. १८९५ मध्ये इंग्लंडचा रग्बी दुभंगला, कशावरून? उत्तरेकडच्या गिरण्यांत आणि खाणींत राबणारे खेळाडू म्हणत होते, शनिवारी खेळलो की मजुरी बुडते, तेवढी भरून द्या. दक्षिणेतले सुखवस्तू लोक म्हणाले, पैशासाठी खेळणारा सभ्य नव्हे. उत्तरेचे क्लब बाहेर पडले. रग्बी युनियनने खेळाडूला पैसे द्यायला मान्यता दिली ती १९९५ साली, शंभर वर्षांनी. गुंड आणि सभ्य ही जी गंमतीची म्हण आहे, तिच्यात हा मजुरीचा झगडा गाडलेला आहे.

म्हणून २०२३ चा तो चषक उंचावणारा माणूस मला महत्त्वाचा वाटतो. सिया कोलिसी, झ्वीडे या गरीब काळ्या वस्तीत वाढलेला, दक्षिण आफ्रिकेच्या कसोटी संघाचा पहिला कृष्णवर्णीय कर्णधार. १९९५ मध्ये मंडेलांनी हिरवी जर्सी घालून दक्षिण आफ्रिकेच्या संघाला चषक दिला, तेव्हा त्या संघात गोऱ्यांखेरीज एकच खेळाडू होता. ज्यांना समोर उभं राहू दिलं जात नव्हतं, ते आता संघाच्या पुढे उभे आहेत.

आता क्रिकेटमधल्या ज्या वादांवर आपण रात्र रात्र भांडतो, त्यांकडे वळतो. फेब्रुवारी १९८०, वानखेडे, सुवर्णमहोत्सवी कसोटी. ज्येष्ठांना आठवत असेल, खग्रास सूर्यग्रहणामुळे विश्रांतीचा दिवस बदलला होता. इंग्लंडची अवस्था बिकट. बॉब टेलरला यष्टीमागे झेलबाद दिलं. बॅट लागली नाही असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. आपला कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ स्लिपमध्ये उभा होता. तो पंचांकडे गेला आणि टेलरला परत बोलावलं. टेलर आणि बोथम यांनी १७१ धावांची भागी केली, बोथमने शतक ठोकलं, तेरा बळीही घेतले, आणि आपण दहा गडी राखून हरलो. कट्ट्यावर आजही म्हणतात, विशीने मॅच घालवली. मी म्हणतो, विशीने त्या सामन्यातली सर्वांत चांगली गोष्ट केली.

मग सगळीच अपिलं मागे घ्यायची का? नाही. माझी कसोटी सांगतो, मान्य करा किंवा झोडपा. समोरच्याची चूक खेळातली असेल तर तिचा फायदा घ्या, नि:संकोच घ्या. त्याची चूक नसून अडचण असेल, तर तिचा फायदा घेऊ नका. जुलै २०२३, लॉर्ड्स. इंग्लंडच्या जॉनी बेअरस्टोने चेंडू सोडला आणि चेंडू जिवंत आहे की नाही हे न बघता क्रीज सोडून चालू लागला. ऑस्ट्रेलियाचा यष्टिरक्षक अलेक्स केरी याने चेंडू हातात येताच यष्ट्यांवर फेकला. बाद. माझ्या मते यात गैर काही नव्हतं. गैर होतं ते लॉर्ड्सच्या लाँग रूममध्ये, जिथे सभ्यतेचे राखणदार म्हणवणारे सभासद ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंच्या अंगावर गेले. आता त्याच वर्षीचा ६ नोव्हेंबर, दिल्ली. श्रीलंकेच्या अँजेलो मॅथ्यूजच्या हेल्मेटचा पट्टा तुटला, चेंडू खेळायला वेळ झाला, बांगलादेशच्या शकिबने अपील केलं, आणि मॅथ्यूज ‘टाइम्ड आउट’. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये पहिल्यांदा. नियमात बसतं. पण तुटलेला पट्टा ही फलंदाजीतली चूक आहे का? सामना संपल्यावर श्रीलंकेच्या खेळाडूंनी हात मिळवले नाहीत. दोघांचंही चुकलं, शकिबचं जास्त. आणि २०११ मध्ये ट्रेंट ब्रिजवर धोनीने चहापानानंतर इयान बेलला परत बोलावलं, ते माझ्या कसोटीप्रमाणे देणं नव्हतंच. चहा झाला असं समजून बेल स्वतः निघाला होता. धोनीने देण्यापेक्षा अधिक दिलं. सामना आपण ३१९ धावांनी हरलो, त्या निर्णयामुळे नव्हे.

एक गोष्ट मात्र क्रिकेटने रग्बीकडून शिकायला हवी, आणि रग्बी ती फार किंमत मोजून शिकतो आहे. सॅम केनचं लाल कार्ड आठवा. अनेकांना ते क्रूर वाटलं. मुद्दाम मारलं नव्हतं, वाकायला वेळ मिळाला नाही, अंतिम सामना बिघडला. मीही ते पाहताना हळहळलो. पण मग मला स्टीव्ह थॉम्पसन आठवतात. २००३ चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या संघात ते स्क्रमच्या ऐन मधोमध होते. २०२० मध्ये त्यांनी सांगितलं की आपल्याला स्मृतिभ्रंश झाला आहे, आणि तो अंतिम सामना जिंकल्याचं आपल्याला आठवत नाही. वय चाळिशीचं. डोक्याला वर्षानुवर्षं बसलेल्या धक्क्यांचा हा परिणाम, असं म्हणत अनेक माजी खेळाडू न्यायालयात गेले आहेत. हे कळल्यावर ‘सामना बिघडला’ हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. हेतू काय होता, हे रग्बी आता शेवटी विचारतो. आधी विचारतो, समोरच्याच्या डोक्याला लागलं का? माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत कोणत्याही खेळाने खेळाडूवृत्तीच्या दिशेने टाकलेलं हे सर्वांत मोठं पाऊल आहे.

आणि प्रेक्षक? त्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडचा एक ट्राय रद्द झाला. काही क्षण आधी लाइनआउटमध्ये चेंडू हातातून पुढे निसटला होता, ते चित्रण तपासणाऱ्या अधिकाऱ्याने, टॉम फोली यांनी, दाखवून दिलं. चूक खरीच झाली होती. मात्र नियमाप्रमाणे इतकं मागे जायला नको होतं, हा न्यूझीलंडच्या लोकांचा आक्षेप. कोलिसीलाही डोक्याच्या धडकेबद्दल पिवळं कार्ड मिळालं, ते लाल झालं नाही, म्हणून वेगळा संताप. काही आठवड्यांत फोलींनी आंतरराष्ट्रीय सामन्यांतून अंग काढून घेतलं. त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना धमक्या येत होत्या. रेफरी बार्न्स निवृत्त झाले. त्यांच्याही कुटुंबाला हेच सोसावं लागलं होतं. मैदानावर तीस खेळाडू ‘सर’ म्हणत होते आणि घरोघरी सोफ्यावर बसलेली माणसं त्या सरांच्या कुटुंबाला धमकावत होती. ३१ जानेवारी १९९९ ला चेन्नईत आपण पाकिस्तानकडून बारा धावांनी हरलो, तेव्हा चेपॉकच्या प्रेक्षकांनी उभं राहून पाकिस्तानच्या खेळाडूंना टाळ्या दिल्या आणि त्यांनी मैदानाला फेरी मारली. तिथे कुठल्या नियमाने ते घडवलं नव्हतं. हे आपल्यालाही जमतं, हे आपण करून दाखवलं आहे.

या सभागृहात पालक आहेत, शिक्षक आहेत, गावोगाव कबड्डीच्या आणि टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धा भरवणारे कार्यकर्ते आहेत. त्यांना दोन विनंत्या करून थांबतो. तुमच्या स्पर्धेत पंचांशी फक्त कर्णधार बोलेल असा नियम करा, आणि पहिल्याच सामन्यापासून, तुमच्या स्वतःच्या मंडळाच्या संघालाही, तो लावा. आणि पकडीत किंवा चेंडू लागून एखाद्या मुलाच्या डोक्याला मार बसला, तर सामना कितीही अटीतटीचा असो, तो ‘मी खेळतो’ म्हणाला तरी, त्या दिवशी त्याला परत मैदानात उतरवू नका. डॉक्टरांकडे न्या. तो मुलगा समोरच्या संघातला असला तरी.